शांतता कमिटीत नसलेली माणसं

बाबा गेल्यावर त्यांची ट्रंक उघडायला मला वर्षभर लागलं. उघडली तेव्हा तळाशी, गिरणीच्या जुन्या पासाखाली, एक छोटी वही सापडली. बेकरीची. आमच्या परळच्या चाळीत तेव्हा सगळ्यांकडे अशी वही असायची. रोजचे पाव, बटर, खारी तिच्यात लिहून ठेवायचं आणि पगार झाला की हिशोब मिटवायचा. शेवटच्या पानावर जानेवारी १९९३ च्या सहा नोंदी आहेत. पुढची पानं कोरी. बेरीज मारलेली नाही. म्हणजे पैसे द्यायचे राहिले.

ती वही बाबांनी इतकी वर्षं का ठेवली असेल, हे मला ठाऊक आहे. आमच्या घरात हे कधीच कोणी बोललं नाही, म्हणून आज इथे लिहून टाकतो.

जानेवारीच्या त्या आठवड्यात मुंबईत काय चाललं होतं, हे ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको. रात्री चाळीतली पोरं काठ्या आणि हॉकी स्टिक घेऊन गच्चीवर पहारा द्यायची. मीही असायचो, तेव्हा एफ.वाय.ला होतो. दादरच्या चौपाटीवर हत्यारं भरलेल्या होड्या येणार अशी आवई उठली होती, आणि लोक खरोखर गाड्यांचे दिवे समुद्राकडे लावून बसले होते. पावात विष घालतात असंही कोणीतरी सांगत आलं. ज्या बेकरीचा पाव आम्ही जन्मापासून खात होतो, त्या बेकरीबद्दल हे ऐकून कोणी हसलं नाही, ही गोष्ट मला आज जास्त भीतीदायक वाटते.

एका संध्याकाळी बेकरीवाले चाचा आमच्या दारात आले. हातात पत्र्याची पेटी. 'भाऊ, दोन दिवस ठेवाल का? जास्त काही नाही, कागद आहेत आणि घरच्या बायकांचं थोडं आहे.' बाबा उंबऱ्याच्या आत उभे होते. त्यांनी एकदा गॅलरीकडे पाहिलं. म्हणाले, 'चाळीत विचारावं लागेल हो.' चाचा म्हणाले, 'हो, हो, बरोबर आहे,' आणि पेटी घेऊन जिना उतरले. आईने दाराची कडी लावली. मी आत पुस्तक उघडून बसलो होतो. मीही काही बोललो नाही.

त्या रात्री बेकरी जळाली. चाचा आणि त्यांचं कुटुंब आधीच निघून गेलं होतं, एवढं कळलं. पुढे ते कधीच परत आले नाहीत. त्या जागी आता मोबाईलचं दुकान आहे. बाबांनी त्यानंतर पाव खाणं सोडलं. 'पित्त होतं' म्हणायचे.

आता भिवंडीकडे वळतो. कारण वही हातात घेऊन बसलो असताना पहिला विचार भिवंडीचाच आला.

भिवंडी आमच्यापासून चाळीस-पन्नास किलोमीटरवर. यंत्रमागांचं गाव. उत्तरेकडून आलेले मोमीन-अन्सारी विणकर, मराठी बोलणारे कोकणी मुसलमान, आंध्र-तेलंगणातून आलेले पद्मशाली, आगरी, मारवाडी-गुजराती सूतवाले... सगळे एकमेकांवर अवलंबून. एकाचं सूत, दुसऱ्याचा माग, तिसऱ्याची मजुरी. पोटाने बांधलेली माणसं लढणार नाहीत असं आपण सहज म्हणतो. भिवंडीने ते दोनदा खोटं पाडलं. मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून दंगल झाली, तिची झळ जळगाव आणि महाडपर्यंत पोचली. न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने तिची चौकशी केली. तो अहवाल आजही वाचावा असा आहे, कारण दंगल 'उसळते' हा शब्द किती खोटा आहे ते त्यातून कळतं. ती आधी कित्येक महिने शिजत असते. मिरवणुकीचा मार्ग, घोषणा, गुलाल, भाषणं, आणि हे सगळं बघत बसलेलं प्रशासन. पुन्हा मे १९८४ मध्ये भिवंडी पेटली आणि ठाणे-मुंबईपर्यंत पसरली. तेव्हा अडीचशेच्या वर माणसं गेली.

म्हणजे डिसेंबर १९९२ मध्ये अयोध्येची बातमी आली तेव्हा महाराष्ट्रात सगळ्यात आधी कोणतं गाव पेटेल, असं विचारलं असतं तर शंभरातल्या नव्वदांनी भिवंडीचं नाव घेतलं असतं. पेटली मुंबई. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालाप्रमाणे डिसेंबर आणि जानेवारी मिळून मुंबईत ९०० माणसं मेली. भिवंडी शांत राहिली.

का? याचं उत्तर एका पोलिस अधिकाऱ्याच्या कामात आहे. सुरेश खोपडे १९८८ मध्ये भिवंडीला उपायुक्त म्हणून आले आणि १९९२ पर्यंत होते. त्यांनी पुढे या अनुभवावर पुस्तकही लिहिलं, 'मुंबई जळाली, भिवंडी का नाही?' त्यांचं निदान साधं होतं. शांतता कमिटी नावाचा प्रकार आपल्याकडे जुना. सण जवळ आला किंवा कुठे दगड पडला की पोलिस स्टेशनात खुर्च्या मांडायच्या. नगरसेवक, कारखानदार, मौलाना, मंडळाचे अध्यक्ष यांना बोलवायचं. चहा, भाषणं, 'आमचं गाव भाईचाऱ्याचं' असा ठराव, फोटो. यातल्या काहींचं दुकान तणावावरच चालायचं. आणि ज्या गल्लीत दगड पडणार, त्या गल्लीतलं कोणीच त्या खोलीत नसायचं.

खोपड्यांनी हे उलटं केलं. गावाचे छोटे छोटे भाग पाडून सुमारे ७० मोहल्ला समित्या केल्या. प्रत्येकीत दोन्ही समाजांची, त्याच गल्ल्यांत राहणारी साधी माणसं घेतली. मागावरचे कामगार, पानवाले, छोटे दुकानदार, घर सांभाळणाऱ्या बायका. पुढारी आणि गुंड दोघेही बाहेर. बैठक मोहल्ल्यातच, आणि त्या भागाचा पोलिस तिथे हजर. मुख्य म्हणजे या बैठका संकट आल्यावर नव्हे, काहीच झालेलं नसताना नियमित व्हायच्या.

मग बोलायचे काय? नळाचं पाणी, गटार, कोणाच्या पोराने कोणाच्या पोराला मारलं, नवराबायकोची भांडणं. मला यातली गंमत फार उशिरा कळली. धर्मावर व्याख्यान देऊन माणसं जवळ येत नाहीत, पण तुंबलेल्या गटारावर दोघांनी मिळून तक्रार केली की एकमेकांची नावं कळतात, घर कळतं, आवाज ओळखू येतो. पोलिसाच्या बाबतीतही तेच. एरवी वर्दी मोहल्ल्यात यायची ती लाठी घेऊनच. इथे तोच फौजदार चटईवर बसून नळाची तक्रार ऐकतोय! मग एखाद्या रात्री 'अमुक ठिकाणी मारलं' अशी बातमी आली, तर ती खरी की खोटी हे विचारायला एक ओळखीचा माणूस पलीकडच्या गल्लीत असतो, आणि एक पोलिस चौकीत. आवई जगते ती न विचारल्यामुळे. विचारायची सोय झाली की तिचा जीव निम्मा होतो.

अभ्यासकांनीही पुढे याची दखल घेतली. आशुतोष वार्ष्णेय यांचं हिंदू-मुस्लिम संघर्ष आणि नागरी जीवन यावरचं पुस्तक २००२ मध्ये आलं. १९५० ते १९९५ या काळातल्या दंगलींचा हिशोब मांडून ते दाखवतात की दंगलीतले जवळजवळ निम्मे मृत्यू देशातल्या फक्त आठ शहरांत झाले. दंगल सगळीकडे होत नाही, ठरावीक ठिकाणी पुन्हा पुन्हा होते. कारण शोधताना ते दोन प्रकारची नाती वेगळी करतात. एक रोजचं, येता-जाता रामराम-सलामचं. दुसरं संघटनेतलं, म्हणजे युनियन, व्यापारी संघ, वाचनालय, क्लब यांत एकत्र काम केल्याचं. साध्या दिवसांत पहिलं पुरतं. वादळात दुसरंच टिकतं. भिवंडीचं उदाहरण ते यासाठी देतात की असं नातं नसेल तर ते घडवताही येतं.

हे वाचलं आणि मला आमची चाळ दिसली. चाचांशी आमचं नातं पहिल्या प्रकारचं होतं. ईदचा शीरखुर्मा यायचा, दिवाळीचा फराळ जायचा. पण चाळीच्या कमिटीत, गणपती मंडळात, व्यायामशाळेत ते कुठेच नव्हते. एके काळी गिरणीत तरी माणसं एका खात्यात, एका युनियनमध्ये असायची. १९८२ च्या संपानंतर तेही गेलं. बाबांना 'चाळीत विचारावं लागेल' म्हणायला लागलं, कारण ज्या ठिकाणी विचारायचं तिथे चाचांच्या बाजूने बोलणारं कोणी नव्हतंच.

मुंबईने हा धडा जळल्यावर घेतला. १९९४ मध्ये मोहल्ला कमिटी चळवळ सुरू झाली. पोलिस आयुक्त सतीश साहनी, माजी आयुक्त ज्युलिओ रिबेरो आणि सुशोभा बर्वे ही त्यातली ठळक नावं. पोलिस आणि वस्त्यांतले लोक एकत्र बसू लागले, मोहल्ल्यांच्या क्रिकेटच्या मॅचेस होऊ लागल्या. सुशोभाताईंचा या कामामागचा धागा १९८४ पर्यंत जातो. इंदिरा गांधींच्या हत्येनंतर आगगाडीतून जाताना त्यांच्यासमोर जमावाने शीख सहप्रवाशांवर हल्ला केला. त्यांनी अडवायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. ते ओझं घेऊन गप्प बसण्याऐवजी त्या दंगलीने मोडलेल्या माणसांकडे जात राहिल्या. 'हीलिंग स्ट्रीम्स' या त्यांच्या २००३ च्या पुस्तकात हा प्रवास आहे.

धारावीत भाऊ कोरडे आणि वकार खान ही जोडी होती. वकार खान कपडे शिवण्याच्या धंद्यातले. चार धर्मांच्या वेशातली चार मुलं आणि 'हम सब एक हैं' हे पोस्टर अनेकांनी पाहिलं असेल. ते त्यांचं. अंजली मोंटेरो आणि के. पी. जयशंकर यांनी या दोघांवर २००३ मध्ये 'नाता' नावाचा माहितीपट केला. पोस्टरने दंगल थांबते का, असं कोणी विचारेल. पोस्टरने नाही थांबत. पण ते घेऊन गल्लोगल्ली फिरणारे एक हिंदू आणि एक मुसलमान रोज सोबत दिसले, की जे दिसतं ते शक्य वाटायला लागतं.

जखम भरण्याबद्दल आपण फार कमी बोलतो. नुकसानभरपाईचा चेक मिळतो, आयोग बसतो, अहवाल येतो. ते हवंच, आणि आपल्याकडे तेही पुरतं होत नाही. श्रीकृष्ण आयोग १९९६ मध्ये सरकारने गुंडाळलाच होता, मग पुन्हा सुरू केला. पण ज्याचं घर जळलं त्याला आणखी एक गोष्ट हवी असते. शेजाऱ्याने येऊन म्हणावं की जे झालं ते मी पाहिलं आणि मी गप्प बसलो. आणि शेजाऱ्यालाही ते म्हणायला जागा हवी असते. ती नसेल तर तो पाव सोडतो आणि पित्ताचं कारण सांगतो.

भिवंडीची गोष्ट इथे संपवली तर ती गोड होईल, पण खरी होणार नाही. जुलै २००६ मध्ये तिथे कब्रस्तानाजवळच्या पोलिस स्टेशनच्या बांधकामावरून हिंसा झाली. पोलिसांच्या गोळीबारात दोघे मेले, आणि जमावाने दोन पोलिसांना ठार मारलं. ज्या गावात फौजदार चटईवर बसत होता, त्याच गावात. या वेळचं भांडण हिंदू-मुसलमानांचं नव्हतं, मोहल्ला आणि वर्दी यांच्यातलं होतं. म्हणजे नेमकं जे नातं समित्यांनी विणलं होतं, तेच उसवलं होतं. अधिकाऱ्यांच्या बदल्या होतात, नव्याला जुन्याचं काम हे जुन्याचंच काम वाटतं, बैठका महिन्यावरून सणावर येतात, आणि सणावर आल्या की पुन्हा खुर्च्या, चहा, फोटो. शांतता ही एकदा बांधून झालेली भिंत नाही. ती गटारासारखी आहे, सतत उपसावी लागते. (उपमा बरी नाही, पण समित्यांचा अर्धा वेळ त्यातच जायचा, तेव्हा चालेल.)

मी बाबांना दोष देत नाही. ते भित्रे नव्हते. संपात त्यांनी लाठ्या खाल्ल्या होत्या. पण त्या संध्याकाळी गॅलरीकडे पाहिल्यावर त्यांना आपण एकटे आहोत असं वाटलं. कदाचित चार दारं सोडून आणखी कोणीतरी असाच एकटा उभा असेल. कदाचित दहा जण असतील. एकमेकांना विचारायची सवयच नव्हती. धैर्य हा स्वभावाचा गुण आहे असं मला आधी वाटायचं. आता वाटतं, त्यातला बराचसा भाग हा आधी झालेल्या कंटाळवाण्या बैठकांचा असतो.

वहीतल्या सहा नोंदींची बेरीज मी केली. बावीस रुपये होतात. चाचा कुठे गेले हे मला माहीत नाही, त्यांचं पूर्ण नावही आम्हाला कोणाला ठाऊक नव्हतं. पंधरा वर्षं रोज त्यांच्याकडचा पाव खाल्ला. आईला विचारलं, तर ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, 'चाचाच म्हणायचो रे आपण.'