एकाच ताटातून : पेरू देशाच्या अन्नाचा इतिहास

दि. ८ मे २०२५ रोजी संत पेत्राच्या महामंदिराच्या सज्जातून नवे पोप लिओ चौदावे यांनी जगाला पहिले दर्शन दिले, तेव्हा इटालियन भाषेतले भाषण मध्येच थांबवून त्यांनी स्पॅनिशमधून एका दूरच्या धर्मप्रांताला अभिवादन केले. तो धर्मप्रांत म्हणजे दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाचा चिक्लायो. २०१५ ते २०२३ या काळात पोपमहोदय तेथे महागुरुस्वामी होते आणि २०१५ साली त्यांनी त्या देशाचे नागरिकत्वही स्वीकारले होते.

पुढेमागे आपल्यापैकी कोणी त्या देशी गेले, तर काय पाहावे हे सांगणारी पुस्तके पुष्कळ मिळतील. काय आणि कोठे खावे-प्यावे, हा प्रश्न मात्र आपण किरकोळ समजतो. पेरूच्या बाबतीत तो किरकोळ नाही. समोर आलेला पदार्थ प्रथम कोणी रांधला आणि कोणत्या अवस्थेत रांधला, असे विचारीत गेले की त्या देशाचा पाचशे वर्षांचा इतिहास उलगडू लागतो. त्यातील काही पाने ख्रिस्तसभेने नम्रपणे वाचावीत अशी आहेत.

आरंभ अँडीज पर्वतापासून करावा. पोर्तुगीज गलबतांबरोबर आपल्या किनाऱ्यावर आलेला आणि त्यांच्याच भाषेतले नाव घेऊन आपल्या घरात रुळलेला बटाटा मूळचा या डोंगरातला. पेरूत त्याच्या हजारो जाती आहेत. जांभळ्या, काळ्या, लाल, गाठाळ. उंचावरील रात्रीच्या कडक थंडीत गोठवून, पायांनी तुडवून पाणी काढलेले व उन्हात वाळवलेले बटाटे तेथील शेतकरी वर्षानुवर्षे साठवतात. त्याला 'चुन्यो' म्हणतात. इंका राज्याची कोठारे या चुन्योने आणि मक्याने भरलेली असत. (आपल्या पेरू या फळाला मात्र तेथे 'ग्वायाबा' म्हणतात, हे बाजारात लक्षात ठेवावे.)

इंकांची राजधानी कुस्को समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटर उंचीवर आहे. हवा विरळ असल्याने पहिल्या दिवशी जड जेवू नये. सान पेद्रोच्या मंडईत बाया गरम सूप वाढतात, ते घ्यावे. वर कोकाच्या पानांचा चहा प्यावा. ही पाने परतताना बरोबर आणू नयेत. आपल्या देशात तो गुन्हा आहे. खेड्यापाड्यांत एखाद्या दारावर काठीला लाल कापड बांधलेले दिसले, तर आत 'चिचा' तयार आहे असे समजावे. मोड आणलेला मका उकळून, आंबवून केलेले हे पेय इंकांच्या प्रत्येक सणात असे आणि आजही आहे.

कुस्कोच्या कॅथेड्रलमध्ये मार्कोस सापाता या स्थानिक चित्रकाराने अठराव्या शतकात काढलेले शेवटच्या भोजनाचे मोठे चित्र आहे. त्यात प्रभू येशूसमोरच्या ताटात कोकरू नाही. चारही पाय वर केलेला एक भाजलेला प्राणी आहे. तेथील लोक तो 'कुय' म्हणून ओळखतात. कुय म्हणजे गिनीपिग. अँडीजमधील घरोघरी चुलीपाशी पाळला जाणारा व सणालाच कापला जाणारा जीव. जेत्यांनी आपल्या धर्माचा प्रसंग लादला, तरी त्या प्रसंगातले ताट चित्रकाराने आपल्या माणसांचे ठेवले. दरवर्षी ख्रिस्तशरीराच्या सणाला कुस्कोतील पंधरा संतमूर्ती व मातामूर्ती मिरवत कॅथेड्रलमध्ये येतात आणि रस्त्यावर 'चिरिउचू' विकले जाते. या शब्दाचा अर्थ थंड मिरची. कुय, कोंबडी, सुकवलेले मांस, भाजलेला मका, चीज, समुद्रातील शेवाळ, माशांची गाबोळी असे सारे थंडच एका ताटात येते. डोंगर आणि समुद्र तेथे शेजारी बसतात.

पांढऱ्या ज्वालामुखी दगडांनी बांधलेल्या आरेकीपा शहरी दुपारी जेवावे ते 'पिकान्तेरिया'त. या खाणावळी बहुतांशी बायकांनी चालवलेल्या असतात आणि ही विद्या आईकडून लेकीकडे जाते. आपल्या पाट्या-वरवंट्याची आठवण करून देणाऱ्या 'बतान' नावाच्या दगडावर मिरची वाटली जाते. आठवड्याच्या प्रत्येक वाराचे सूप ठरलेले असते. 'रोकोटो' ही टोमॅटोसारखी दिसणारी, पण चांगलीच झणझणीत मिरची खिमा भरून भाजतात; आपल्या जिभेलाही ती सोपी नाही. २०१४ साली पेरू सरकारने आरेकीपाच्या पिकान्तेरियांना राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा म्हणून घोषित केले. याच शहरात १५७९ साली स्थापन झालेला संत कॅथरीनचा मठ आहे. तेथे श्रीमंत घरांतून आलेल्या व्रतस्थ भगिनींच्या स्वतंत्र खोल्या व स्वतंत्र चुली आजही पाहता येतात. त्या चुली फुंकण्यासाठी मोलकरणी आणि गुलाम स्त्रिया असत, हे पाहताना विसरू नये.

हीच गोष्ट किनाऱ्याकडील इका प्रांतात अधिक ठळकपणे समोर येते. स्पॅनिशांनी सोळाव्या शतकात या वाळवंटी खोऱ्यांत द्राक्षाचे मळे लावले. मिस्साबलिदानाला द्राक्षारस हवा होता, आणि वसाहतीतील स्पॅनिशांनाही तो हवा होता. पुढे त्यापासून 'पिस्को' हे मद्य निघाले. आंबवलेल्या द्राक्षरसाचे ऊर्ध्वपातन करतात व त्यात पाण्याचा थेंबही घालीत नाहीत. मार्चमधील द्राक्षतोडणीच्या दिवसांत इकाला जावे. पिस्को कसा होतो ते दाखवून चवीला देणाऱ्या भट्ट्या तेथे आहेत. पेला मात्र लहान घ्यावा, कारण मद्य कडक असते. तो हातात असता एवढे आठवावे, की १७६७ साली हद्दपार होईपर्यंत येशूसंघीयांचे मोठे द्राक्षमळे या भागात होते आणि ते आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या श्रमावर चालत. वेदीवर अर्पण होणाऱ्या रसासाठी ज्यांनी घाम गाळला, त्यांना स्वातंत्र्य मिळाले ते १८५४ साली.

या गुलामांनी पेरूला काय दिले, ते राजधानी लिमामध्ये ऑक्टोबर महिन्यात दिसते. १६५१ च्या सुमारास अंगोलातून आणलेल्या एका गुलामाने तेथील पाचाकामिया वस्तीत मातीच्या भिंतीवर क्रुसावरील प्रभूचे चित्र रंगविले. १६५५ च्या भूकंपात आसपासची घरे कोसळली, ती भिंत उभी राहिली. १६८७ च्या भूकंपानंतर त्या चित्राच्या प्रतिकृतीची मिरवणूक सुरू झाली. 'चमत्कारांचा प्रभू' या नावाने ती आजही निघते आणि जांभळ्या वस्त्रांतील लाखो भाविक तिच्यामागे चालतात. या दिवसांत रस्त्यावर 'आंतिकुचो' भाजले जाते. त्यात गुरांचे काळीज नव्हे, हृदय असते. ते व्हिनेगर, लसूण, जिरे व लाल मिरचीत मुरवून सळईवर लावतात. आतडी, हृदय असे जे मालकाच्या ताटात जात नसे, त्यातून गुलामांनी हे रुचकर अन्न केले. बडीशेपेच्या स्वादाचे, गुळासारख्या 'चान्काका'च्या पाकात बांधलेले 'तुर्रोन दे दोन्या पेपा' हे पक्वान्नही याच महिन्याचे. होसेफा नावाच्या गुलाम स्त्रीचे लुळे हात प्रभूकृपेने बरे झाले व तिने कृतज्ञतेने ते केले, असे परंपरा सांगते.

गुलामी संपत आली तसे शेतमालकांनी चीनमधून करारावर मजूर आणले. १८४९ ते १८७४ या काळात ते सुमारे एक लाख आले. करारातून सुटल्यावर अनेकांनी छोट्या खाणावळी काढल्या. लिमाच्या कापोन रस्त्यावरील चिनी खाणावळींना, ज्यांना 'चिफा' म्हणतात, तेथूनच आरंभ झाला. १८९९ पासून जपानी आले आणि ताज्या माशाचे त्यांचे कसब तेथे मिसळले. लिंबाच्या रसात मुरवलेल्या कच्च्या माशाचे 'सेविचे' दुपारीच खावे, मासळी ताजी असते तेव्हा. २०२३ साली युनेस्कोने या परंपरेला मानवजातीचा वारसा म्हणून मान्यता दिली.

लिमाच्या दक्षिणेस वाळूवर वसलेली व्हिया एल साल्वादोर ही गरिबांची वस्ती आहे. १९८० च्या दशकातील महागाईत लिमाच्या अशा वस्त्यांतील बायकांनी एकत्र येऊन सामुदायिक चुली पेटवल्या, मुलांसाठी दररोज पेलाभर दुधाची व्यवस्था चालवली. व्हिया एल साल्वादोरच्या बायकांची पुढारी मारिया एलेना मोयानो ही आफ्रिकी वंशाची होती. 'शायनिंग पाथ' या हिंसक संघटनेपुढे तिने मान तुकवली नाही, म्हणून १५ फेब्रुवारी १९९२ रोजी तिची हत्या झाली. तेव्हा ती ३३ वर्षांची होती.

लिमाच्या सांतो दोमिंगो मठात संत रोझ, संत मार्टिन द पोरेस व संत जॉन मासियास यांचे अवशेष आहेत. जॉन हे दुसऱ्या एका मठाचे द्वारपाल. दारी येणाऱ्या गरिबांना ते रोज जेवू घालीत. मार्टिन हे स्पॅनिश पित्याचे व गुलामीतून सुटलेल्या कृष्णवर्णीय मातेचे पुत्र. रंगामुळे आरंभी त्यांना मठात केवळ सेवक म्हणून घेतले गेले. त्यांच्या चित्रांत त्यांच्या पायाशी कुत्रा, मांजर व उंदीर एकाच ताटातून खाताना दाखवतात. १९६२ साली संत म्हणून घोषित झालेल्या या झाडूवाल्या बंधूचे दर्शन घ्यावे आणि मग बाहेर रस्त्यावर सळई भाजणाऱ्या बाईकडे जाऊन, तिला नमस्कार करून, पानभर आंतिकुचो मागावे.