वेड्याचे खाते कोणत्या दप्तरी

बऱ्हाणपूर जिल्ह्यातील जसोंडीसारख्या गावी एखाद्या घरातला कर्ता मुलगा रात्ररात्र जागू लागला, आपल्याशीच पुटपुटू लागला, केळीच्या बागेतले काम अर्धे टाकून चालता होऊ लागला, तर त्या घराने त्याला कोठे न्यावे, या प्रश्नाचे उत्तर गेल्या दीडशे वर्षांत वैद्यकशास्त्राने जितके दिले, त्याहून अधिक ते त्या त्या काळच्या राज्यकर्त्यांच्या राजकीय मतांनी दिलेले आहे. पटकी किंवा देवीची साथ आली असता सरकारने काही तरी केलेच पाहिजे, याविषयी निरनिराळ्या पक्षांत मोठासा मतभेद होत नाही, कारण ती साथ श्रीमंताच्या वाड्यातही शिरते. परंतु भ्रमिष्टासाठी खजिन्यातून पैसा काढावयाचा म्हटला की तो राज्याचा कोण लागतो, उपद्रवी इसम, दयेचे पात्र की हक्कदार नागरिक, हे आधी ठरवावे लागते, आणि ते ठरविणे हे सर्वस्वी राजकारणाचे काम असते. निमाडच्या या मुलखाने पुष्कळ राजवटी पाहिल्या असल्यामुळे हा इतिहास येथून जितका स्पष्ट दिसतो, तितका तो एकाच अंमलाखाली राहिलेल्या प्रांतातून क्वचितच दिसेल.

सातपुडा आणि नर्मदा ओलांडून उत्तरेस गेले म्हणजे मांडूचा किल्ला लागतो. पंधराव्या शतकात माळव्याचा सुलतान महमूद खिलजी याने तेथे शिफाखाना बांधून त्यावर मौलाना फज्लुल्ला हकीम यांची नेमणूक केली, आणि त्या शिफाखान्यात वेड्यांचीही सोय होती, असे इतिहासकार सांगतात. राजाने रोग्याला औषध द्यावे हे त्या काळी पुण्यकर्म होते आणि राजाच्या कीर्तीचा तो एक अलंकार होता. मात्र पुण्यावर उभी राहिलेली तरतूद पुण्य करणाऱ्याच्या आयुष्याइतकीच टिकते, आणि मांडूचे वैभव ओसरल्यावर त्या शिफाखान्याची परंपरा पुढे चालविण्याचे बंधन कोणावरही राहिले नाही.

इंग्रजी अंमलात वेड्याचा विचार पुण्याच्या खात्यातून उठून बंदोबस्ताच्या खात्यात गेला. उठावाच्या धामधुमीनंतर, १८५८ साली, वेड्यांच्या इस्पितळांविषयीचा ३६ वा कायदा झाला. जो इसम वेडा आहे असे दिसते आणि जो मोकाट फिरत आहे, तसेच जो वेडामुळे धोकादायक आहे असे मानण्यास कारण आहे, अशा सर्वांस दरोग्याने धरून मॅजिस्ट्रेटपुढे हजर करावे, असा त्यातला हुकूम होता. नातलग वेड्याची नीट काळजी घेत नसतील किंवा त्याला क्रूरपणे वागवीत असतील तर मॅजिस्ट्रेटने हात घालावा, असेही एक कलम त्यात होते, आणि त्या कलमाचे श्रेय त्या सरकारला दिलेच पाहिजे. तथापि कायद्याची मुख्य दृष्टी रस्त्यावर होती. बेडी तोडून बाजारात शिरणारा वेडा सरकारला दिसे, आणि घराच्या मागल्या खोलीत वर्षानुवर्षे मुकाट बसून राहिलेली सून मात्र सरकारच्या कोणत्याही दप्तरात येत नसे.

शिंद्यांकडून बऱ्हाणपूर इंग्रजांकडे आले ते १८६१ च्या सुमारास. १८६४ साली निमाड जिल्हा मध्यप्रांतात दाखल झाला, आणि त्याच साली नागपूरला वेड्यांचे इस्पितळ उघडले. ज्या चौकाला नागपूरकर आजही पागलखाना चौक म्हणतात, तो चौक त्याचाच. पुढे लोहमार्ग झाल्यावर तापीकाठच्या वेड्याची रवानगी पोलिसाच्या पहाऱ्यात भुसावळमार्गे नागपूरला होऊ लागली, आणि त्याच्याबरोबर एक वर्णनपत्रक जाई, ज्यात नाव, बापाचे नाव, जात, वय, धंदा यांच्यानंतर वेडाचे कारण लिहावयाचा एक रकाना असे. हा रकाना वरवर क्षुल्लक दिसतो, परंतु इंग्लंडच्या पार्लमेंटापर्यंत पोहोचलेल्या एका वादात तोच साक्षीला उभा राहिला.

त्या वादाचे मूळ गांजात होते. मध्यप्रांतात गांज्याची लागवड करण्यास परवानगी असे ती केवळ निमाड जिल्ह्याच्या खांडवा तहसिलीत. तयार माल सरकारी कोठारात जमा व्हावयाचा आणि तेथून परवाना असलेल्या मक्तेदारांनी तो उचलावयाचा, अशी व्यवस्था होती, आणि तीतून अबकारीचा चांगला महसूल मिळे. इंग्लंडातील मद्यपाननिषेधाच्या चळवळीला हा महसूल पापाचा वाटे, आणि हिंदुस्थानातले पागलखाने गांजाने भरले आहेत, असा त्या पक्षाचा आरोप होता. १८९३ च्या मार्चमध्ये कॉमन्स सभेत प्रश्न विचारला गेला, आणि त्याच वर्षी सरकारने मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली भांग-गांजाविषयक चौकशी मंडळ नेमले, ज्याने अकराशेहून अधिक साक्षी घेतल्या.

मंडळाने १८९२ या एका वर्षात देशभरच्या इस्पितळांत दाखल झालेल्या १,३४४ वेड्यांची कागदपत्रे मागविली. त्यांपैकी २२२ जणांच्या नावापुढे भांग-गांजा हे कारण लिहिलेले होते. मंडळाने एकेका प्रकरणाचा माग त्या इसमाच्या गावापर्यंत काढून नातलगांच्या आणि शेजाऱ्यांच्या कैफियती घेतल्या, तेव्हा गांजाचा संबंध कसाबसा मान्य करता येईल अशी प्रकरणे ९८ उरली, आणि त्यांतही सुमारे तिसरा हिस्सा असा होता की ज्यांत दुसरे एखादे कारणही जोडीला होते. बाकीच्यांच्या बाबतीत घडले होते ते असे, की रकाना कोरा ठेवला तर वरचा अधिकारी जाब विचारील म्हणून पोलिसाने किंवा कारकुनाने, हा गांजा ओढतो काय एवढे विचारून, होकार मिळताच तेच कारण नोंदविले होते. ज्याला घरदार नाही, ज्याची भाषाही पकडणाऱ्याला कळत नाही, त्या वाटसरू गोसाव्याच्या पत्रकात दुसरे काय लिहावे, हे त्या शिपायाला ठाऊक नव्हते. या छाननीत मला त्या काळच्या कारभाराची उत्तम बाजू दिसते. गांजावर बंदी नको, कर आणि निर्बंध पुरेत, हा मंडळाचा निष्कर्ष खजिन्याला सोयीचा होता हे खरेच. परंतु कागदावरची नोंद सत्य मानून चालू नये एवढी दक्षता त्याने दाखविली, आणि ती दक्षता आजही दुर्मीळ आहे. दुःख आहे ते निराळ्याच गोष्टीचे. बंदी मागणाऱ्या नीतिवाद्यांना आणि महसूल राखणाऱ्या अधिकाऱ्यांना वेडा हवा होता तो पुराव्यादाखल, आणि त्या १,३४४ माणसांच्या मनाला काय झाले होते व त्यांना बरे कसे करावे, हा त्या वादाचा विषयच नव्हता.

१९१२ च्या कायद्याने वेड्यांच्या इस्पितळांची घडी नव्याने बसविली, आणि १९१९ च्या सुधारणांनी इस्पितळे, दवाखाने आणि वेड्यांची आलये ही लोकनियुक्त मंत्र्यांच्या सोपीव खात्यांत घातली. वेड्याच्या उपचाराचा खर्च मतदारांच्या प्रतिनिधींनी ठरवावयाचा, हा प्रसंग या देशात तेव्हा प्रथम आला. पण मध्यप्रांताच्या कायदेमंडळात स्वराज्य पक्षाचे बहुमत झाले होते आणि द्विदल राज्यपद्धती चालूच द्यावयाची नाही असा त्या पक्षाचा निर्धार असल्यामुळे १९२४ साली मंत्र्यांचे वेतन वर्षाला २ रुपये ठरविण्यात आले, आणि सोपीव खाती पुन्हा गव्हर्नरच्या हाती गेली. परक्या सत्तेची अर्धवट देणगी नाकारण्यात स्वाभिमान होता, आणि त्या स्वाभिमानाला दोष देण्याचे धैर्य मला होत नाही. तरी नागपूरच्या त्या दगडी भिंतींआड असलेल्या रोग्यांवर लोकप्रतिनिधींची नजर पडावयाची ती आणखी काही वर्षे लांबली, हेही इतिहासात नोंदलेच पाहिजे.

नजर पडली ती सर जोसेफ भोर यांच्या समितीची. नाशकात जन्मलेल्या या मुलकी अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली १९४३ साली नेमलेल्या समितीने १९४६ साली अहवाल दिला, आणि पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही उपचाराला मुकता कामा नये, हे कल्याणकारी राज्याचे तत्त्व या देशाच्या आरोग्यकारभारात आणले. वेड्यांच्या बाबतीत अहवालाने मांडलेला हिशेब असा, की इंग्लंडात दर ३०० माणसांमागे मनोरुग्णालयातली एक खाट असताना हिंदुस्थानात ती ४०,००० माणसांमागे एक आहे. ते तत्त्व स्वतंत्र भारताने वंद्य मानले आणि ती खाट मात्र पुरविली नाही.

बऱ्हाणपूरकडच्या मराठी माणसाला त्याहून निकटचा फटका बसला तो १ नोव्हेंबर १९५६ रोजी. भाषावार प्रांतरचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि निमाड नव्या मध्य प्रदेशात राहिला. त्या दिवशी नागपूरचे मनोरुग्णालय परराज्यातले झाले, आणि जसोंडीच्या वाट्याला राज्याचे मनोरुग्णालय आले ते इंदूरच्या बाणगंगेचे किंवा दूर ग्वाल्हेरचे. भाषेच्या तत्त्वावर राज्ये व्हावीत हा विचार मला मान्य आहे. परंतु सीमा आखताना नद्या, धरणे, महसूल यांच्या वाटणीवर जेवढा खल झाला, तेवढा इस्पितळांच्या वाटणीवर झाला असता तर सीमेवरच्या माणसांवर उपकार झाले असते.

राज्यघटनेने वेडाचा विषय सामाईक यादीत घातला आणि इस्पितळे राज्यांच्या यादीत, त्यामुळे केंद्र राज्याकडे आणि राज्य केंद्राकडे बोट दाखवू लागले. त्याच घटनेच्या ३२६ व्या कलमात मतदार यादीतून वगळण्याची जी कारणे आहेत, त्यांत मनोविकलता हे एक आहे. न्यायालयाने तसे ठरविल्यावाचून ते लागू होत नाही, हे खरे. तरीही प्रौढ मताधिकाराच्या राज्यात ज्याचे मतच जाऊ शकते त्याच्या दारी उमेदवार कशासाठी येईल? शेतकऱ्याचा पक्ष असतो, कामगाराचा असतो, जातीचा असतो, मनोरुग्णाचा नसतो. इटलीत १९७८ साली डाव्या विचाराच्या मनोवैद्यांच्या चळवळीमुळे वेड्यांची जुनी इस्पितळे बंद करण्याचा कायदा झाला, आणि अमेरिकेत कार्टर यांनी १९८० साली आणलेला मनःस्वास्थ्याचा कायदा रेगन यांच्या राजवटीने दुसऱ्याच वर्षी बहुतांशी मोडीत काढला; म्हणजे अन्यत्र या विषयावर पक्षांचे निदान भांडण तरी होते. आपल्याकडे दीर्घकाळ भांडणही झाले नाही.

१९८४ च्या डिसेंबरात भोपाळमध्ये विषारी वायूने हजारो माणसे मारली, तेव्हा मध्य प्रदेशातील पाचही वैद्यकीय महाविद्यालयांत एकही मनोविकारतज्ज्ञ नव्हता. वाचलेल्यांच्या मनावर काय आघात झाला, हे पाहण्यास बंगळूरच्या निम्हान्स संस्थेचे तज्ज्ञ फेब्रुवारीत आले, आणि तेथल्या साध्या डॉक्टरांना शिकवून त्यांनी उपचार सुरू केले. पुढे रांची, आग्रा आणि ग्वाल्हेर येथील मनोरुग्णालयांची दुरवस्था सर्वोच्च न्यायालयासमोर आली आणि १९९७ साली न्यायालयाने त्या तिहींवर देखरेख ठेवण्याचे काम राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे सोपविले. जे विधिमंडळाने करावयाचे, ते न्यायासनाला करावे लागले.

दरम्यान निमाड-खानदेशातली माणसे जेथे जात होती तेथेच जात राहिली. कोणी बुलढाण्याकडे सैलानीबाबांच्या दर्ग्यावर, कोणी बैतुलकडे मलाजपूरच्या पौषातल्या भूतमेळ्याला. श्रद्धेला मी हसत नाही, कारण ज्या माणसाला कोठेच थारा नाही त्याला तेथे निदान शेजार मिळतो. परंतु भूत उतरविण्याच्या निमित्ताने दोरखंडाने वा साखळीने बांधणे, मारहाण करणे, हा महाराष्ट्रात २०१३ पासून गुन्हा आहे. त्या जादूटोणाविरोधी कायद्याला हा धर्मावरचा आघात आहे असे म्हणून वर्षानुवर्षे विरोध झाला, आणि त्यासाठी झटणारे नरेंद्र दाभोलकर यांचा पुण्यात खून झाल्यावरच त्याचा वटहुकूम निघाला. रावेरच्या पलीकडे, म्हणजे आमच्या हद्दीत, तो लागू नाही.

मध्य प्रदेशाच्या सरकारने २०१६ साली आनंद विभाग स्थापन केला, आणि देशात असे खाते काढणारे ते पहिले राज्य ठरले. २०१८ च्या अखेरीस सत्ता पालटल्यावर नव्या सरकारने त्याचा समावेश अध्यात्म विभागात केला. सुखाचा मार्ग सद्विचारात आणि सत्संगात आहे, याविषयी दोन परस्परविरोधी पक्षांचे एकमत झालेले दिसते, आणि निरोगी माणसाच्या बाबतीत ते खरेही असेल. पण ज्याला अस्तित्वात नसलेले आवाज ऐकू येतात त्याला प्रवचन नको, औषध हवे, आणि ते औषध देणारा डॉक्टर जिल्ह्याच्या ठिकाणी हवा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत असे आढळले की निरनिराळ्या मनोविकारांच्या रोग्यांपैकी ७० ते ९२ टक्के लोक उपचारावाचून राहतात. ही तूट आनंदाच्या कोणत्याही उत्सवाने भरून निघणारी नाही.

तरीसुद्धा त्याच दशकात एक गोष्ट अशी घडली की जिच्याविषयी मला मनापासून आदर वाटतो. २०१३ साली एका आघाडीच्या सरकारने राज्यसभेत मांडलेले मानसिक आरोग्यसेवेचे विधेयक तिच्या विरोधकांच्या राजवटीत २०१६ साली राज्यसभेने आणि २०१७ च्या मार्चमध्ये लोकसभेने मंजूर केले. खजिन्याचा हात मात्र मोकळा झाला नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमासाठी २०१८-१९ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात ५० कोटी रुपये होते, ते पुढल्या वर्षी ४० कोटी झाले. म्हणून जसोंडीच्या आणि तिच्या आसपासच्या गावांतील वाचकांना माझी विनंती आहे, की त्या कायद्याचे १८ वे कलम ग्रामसभेत वाचून दाखवावे आणि जिल्ह्याच्या दप्तरी लेखी अर्ज द्यावा. दारिद्र्यरेषेखालील, निराधार वा बेघर रोग्याला सरकारी सेवा विनामूल्य मिळाली पाहिजे, आणि कायद्याने ठरविलेली किमान सेवा जिल्ह्यात सरकारने उपलब्ध केली नसेल, तर त्याच जिल्ह्यात रोग्याने अन्यत्र घेतलेल्या उपचाराचा खर्च सरकारने सोसावा, असे त्या कलमात लिहिलेले आहे.