ज्वारी, रब्बी : थंडीशी आनुवंशिक अनुकूलन

धान्य आणि कडबा या दोन्हींसाठी घेतले जाणारे मराठवाड्यातील पीक (सॉर्गम बायकलर, तृण कुल, गुणसूत्रे 20). मूळस्थान आफ्रिका. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात ओल धरणाऱ्या काळ्या जमिनीत सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरणी होते. पोटरी व फुलोरा थंडीत सापडतो. तेव्हा रात्रीचे तापमान 10 अंश से.च्या आसपास उतरते.

थंडीचा परिणाम : गारवा वाढू लागताच लसूणघास पेशींत शर्करा साठवून कणखर बनते. ज्वारीत ही क्षमता नगण्य आहे. दहिवर पडले की पाने करपतात. खरा घाव मात्र परागकणांवर बसतो. फुलोऱ्यापूर्वी परागकोशांत पेशीविभाजन चालू असताना रात्री 13 अंशांखाली गेल्या, तर नाजूक वाणांचे परागकण वांझ होतात. बीजांड बहुधा शाबूत राहते. अशी ज्वारी ताटावर चांगली दिसते, पण कणीस चोळले की हातात फोलकटच येते. पैदासकार म्हणूनच फुलण्याआधी कणसाला कागदी पिशवी चढवतात आणि स्वपरागणाने किती दाणे भरले ते मोजतात. रब्बी वाणाची सर्वांत विश्वासार्ह कसोटी हीच.

जनुके : थंडी सोसण्याचा गुण अनेक जनुकांवर अवलंबून आहे. रोपावस्थेतील सहनशीलता चीनमधील काओलियांग ज्वारीत ठळक आहे. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात या गुणाची स्थाने दाण्यातील टॅनिन व ताटाची उंची ठरवणाऱ्या जनुकांलगत आढळली. त्यामुळे भाकरीच्या पांढऱ्या, गोड दाण्यात हा गुण आणणे अवघड ठरते.

संकरित वाण : सीएसएच 1 (1964) पासून खरिपात संकरित ज्वारी पसरली. रब्बीत तसे घडले नाही. नरवंध्य मातृवाणाच्या संकरात पितृवाणाने परत मिळवून दिलेली परागक्षमता थंडीत उणी पडते, हे त्याचे एक कारण.

वाण : मालदांडी 35-1 हा स्थानिक मालदांडीतून मोहोळ (जि. सोलापूर) येथे 1930 च्या दशकात निवडला गेला, थंडीत दाणे भरण्याबाबत तो आजही तुलनेचा मापदंड मानला जातो. परभणी विद्यापीठाचे परभणी मोती व परभणी ज्योती, राहुरीचे फुले वसुधा व फुले रेवती हे नंतरचे.

कडबा : पेंढ्यांनी विकला जातो, टंचाईत मोल धान्याच्या तोडीचे.

महत्त्व : थंडीची ही सहनशीलता शेतकऱ्यांनी पिढ्यान्पिढ्या भरल्या कणसांचे बी राखून घडवली. गावोगावची जुनी बियाणी जपणे हे पैदासकार्याचे पहिले कर्तव्य आहे. एकदा हरवलेला जनुकसंच प्रयोगशाळेत नव्याने जुळवणे दुष्कर असते.