हाडाला ओझे कळते

प्लॅस्टर नुकतेच कापलेला पाय तुम्ही पाहिला असेल. महिना-दीड महिना बांधून ठेवलेला तो पाय दुसऱ्या पायाहून बारीक दिसतो. वरचे मांस वाळलेले आपल्याला दिसते. पण आतले हाडही थोडे विरळ झालेले असते, ते दिसत नाही. आता बघा, विश्रांतीने हाड जुळले, मग विश्रांतीनेच ते विरळ का व्हावे?

या प्रश्नाचा इतिहास मोठा मजेचा आहे. १८६६ च्या सुमारास स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे मायर नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने मांडीच्या हाडाचा उभा छेद विद्वानांपुढे ठेवला. आतल्या बारीक तुळया पाहून कुलमान हे अभियांत्रिकीचे प्राध्यापक चकित झाले. यारीने ओझे उचलताना तिच्यात जोर ज्या रेषांनी वाहतो, त्याच रेषा इथे होत्या! पुढे १८९२ साली बर्लिनचे शल्यवैद्य युलियस वोल्फ यांनी ग्रंथ लिहून सांगितले की, जसा भार पडेल तशी हाड आपली घडण बदलते.

पण हाडाला भार कळतो कसा? १८८० मध्ये पॅरिस येथे क्युरी बंधूंनी दाखवले होते की गारेचा स्फटिक दाबला की त्यावर विद्युत्‌भार उमटतो. १९५७ साली जपानमध्ये फुकादा आणि यासुदा यांना हाच गुण वाळलेल्या हाडात आढळला. हाडातल्या कोलॅजेन तंतूंची ही करामत. जिवंत हाडात आणखीही एक गोष्ट घडते. चालताना हाडातील सूक्ष्म वाटांमधून द्रव सरकतो आणि तेथील पेशींना ते जाणवते.

मग शास्त्रज्ञ म्हणाले, दाब ओळखणारा पदार्थ आपणच का करू नये? दह्याला आंबटपणा देते ते लॅक्टिक आम्ल. त्याच्या कणांची लांब साखळी गुंफून एक प्लॅस्टिक होते आणि ते शरीरात हळूहळू विरून जाते. त्याचे ताणून केलेले तंतू दाबले की त्यांवर अल्पसा विद्युत्‌भार येतो. २०२२ साली अमेरिकेतील कनेक्टिकट विद्यापीठाने अशा तंतूंची जाळी सशांच्या गुडघ्यातील कूर्चेच्या खड्ड्यात बसवली आणि सशांना फिरत्या पट्ट्यावर चालवले. महिना-दोन महिन्यांच्या व्यायामाने कूर्चा भरून आली. विद्युत्‌गुण नसलेली जाळी बसवलेले ससेही चालले, पण त्यांचा खड्डा तसाच राहिला.

प्रयोग सशांवरचा आहे. तेवढ्यावरून माणसाच्या गुडघ्याला लगेच गुण येईल असे कोणी समजू नये. पण त्यातला बोध आपल्या घरचाच आहे. मोडलेल्या पायावर भार केव्हा आणि किती द्यायचा, ते डॉक्टरांनीच ठरवावे. घाई करून जुळलेले हाड मोडू नये. मात्र त्यांनी "आता चाला" म्हटले, की "राहू द्या, पडून राहा" असे मायेपोटीसुद्धा म्हणू नका. त्या पावलाचीच हाड वाट पाहत असते.