ताप नव्हता म्हणून

हा घटनाक्रम कुणा एकीचा नाही. गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात फॅल्सिपेरम हिवताप गरोदर बाईला ज्या वाटेने गाठतो, त्या वाटेवरून तो रचला आहे. भामरागड तालुका, ऑगस्ट महिना. बाई पहिलटकरीण, सातवा महिना, वजन ४५ किलो.

२० दिवस आधी

महिन्याची ९ तारीख, गरोदर मातांच्या तपासणीचा दिवस. वजन झालं, रक्तदाब पाहिला, लोहाच्या गोळ्या दिल्या.

"ताप येतो का गं?"

"नाही."

हिवतापाची पट्टी पेटीतच राहिली. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात हिवतापाच्या भागासाठी ही चाचणी ठरवून दिलेली आहे. ताप असला तर करायची, असं ते काम नाही. बोटातला एक थेंब आणि २० मिनिटं पुरतात. माझ्या मते उलटी गणती इथून सुरू होते, कारण परजीवी तेव्हाच तिच्या अंगात होता.

तो दिसत का नाही, हे समजून घ्यायला हवं. लाल पेशीत शिरलेला फॅल्सिपेरम ४८ तासांत वाढतो, पेशी फोडतो आणि नव्या पेशींत शिरतो. वाढ अर्ध्यावर आली की ती पेशी रक्तातून फिरायची थांबते आणि बारीक रक्तवाहिन्यांना चिकटून बसते. गरोदरपणात तिला चिकटायला आणखी एक जागा मिळते, ती म्हणजे वार. परजीवी पेशीच्या पृष्ठभागावर एक खास प्रथिन आणतो आणि ते वारेतल्या कॉन्ड्रॉइटिन सल्फेट ए या रेणूला धरून ठेवतं. दोन-तीन बाळंतपणं झालेल्या बाईकडे या प्रथिनाविरुद्ध थोडीफार प्रतिकारशक्ती असते. पहिलटकरणीने ते कधी पाहिलेलंच नसतं. वार भरलेली असताना सूक्ष्मदर्शकाखाली बोटाच्या रक्ताची काच कोरी निघू शकते. आई हिंडतेफिरते, आणि पोटातल्या बाळाचं अन्न-प्राणवायू कमी होत जातो.

९६ तास आधी

रोवण्याचे दिवस. दुपारी चिखलात उभी असतानाच हुडहुडी भरली. सासूने घरात नेऊन चादर घातली. गावची आशाताई नाल्यापलीकडच्या टोल्यावर अडकलेली, नाल्याला पाणी. घरात पॅरासिटामॉल होती.

७२ तास आधी

घाम आला, ताप उतरला. सगळ्यांना हायसं वाटलं. या आजाराचा सगळ्यात मोठा दगा हाच आहे, आणि त्यासाठी घरच्यांना दोष देणं मला पटत नाही. या क्षणीही तीन दिवसांच्या गोळ्यांनी काम भागलं असतं. हिवतापाच्या २०१३ च्या राष्ट्रीय औषध धोरणात महाराष्ट्रासाठी आर्टेसुनेट आणि सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन आहे, आणि गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून ते देता येतं. प्रायमाक्विन तेवढी गरोदर बाईला द्यायची नाही.

४८ तास आधी

पुन्हा थंडी. उलट्या. डोळ्यांची आतली कड पांढरीफटक.

२६ तास आधी

नाला उतरला, आशाताई पोचली. काही मिनिटांतच पट्टीवर दोन रेघा. पहिल्या गोळ्या दिल्या, त्या अर्ध्या तासात उलटून पडल्या. गोळी पोटात टिकत नाही म्हणजे हा आजार आता गोळीचा राहिला नाही, हे तिला ठाऊक होतं. "आजच न्यावं लागेल," ती म्हणाली.

१८ तास आधी

बाजेला दांडा बांधला, चौघांनी उचलली. नदी डोंग्याने पार केली.

११ तास आधी

आरोग्य केंद्र. बाई बरळत होती, मग झटका आला. गरोदर बाईला झटका म्हटलं की आधी रक्तदाब वाढून येणाऱ्या आकडीचा विचार येतो. डॉक्टरांनी रक्तदाब मोजला, लघवी तपासली, दोन्ही ठीक. मग साखर: ३६. गरोदरपणातल्या तीव्र हिवतापात साखर अशी कोसळते, आणि मेंदूला चढलेला ताप समजून ती तपासायची राहते. इथे राहिली नाही. २५ टक्के डेक्स्ट्रोज शिरेतून गेलं, बाई हाकेला ओ देऊ लागली. लगेच आर्टेसुनेट: किलोमागे २.४ मिलिग्रॅम, म्हणजे १०८, म्हणजे ६० च्या दोन कुप्या. पुढचा डोस १२ तासांनी, त्यानंतरचा पहिल्यापासून २४ तासांनी.

एक गोष्ट मात्र चुकली. अंग कोरडं पडलंय म्हणून सलाईनच्या बाटल्या भराभर चढवल्या गेल्या. तीव्र हिवतापात फुफ्फुसं पाणी सोसत नाहीत, गरोदर बाईची तर मुळीच नाहीत.

७ तास आधी

१०८ ची गाडी निघाली. जिल्ह्याचं ठिकाण दीडशे किलोमीटरहून लांब. वाटेत कळा सुरू झाल्या.

२ तास आधी

जिल्हा रुग्णालय. हिमोग्लोबिन ५.८. रक्ताची पिशवी येईपर्यंत बाळंतपण झालं. बाळ जन्मतःच मृत होतं.

शून्य

बाळंतपणानंतर आकसलेल्या गर्भाशयातलं रक्त एकदम आईच्या रक्ताभिसरणात परततं. आधीच भरत आलेल्या फुफ्फुसांना तेवढं पुरलं. श्वास लागला, तोंडाला फेस आला. ऑक्सिजन, पाणी उतरवणारी इंजेक्शनं, कृत्रिम श्वास, सगळं झालं. आर्टेसुनेटचा दुसरा डोस द्यायला एक तास होता. गरोदरपणातल्या तीव्र हिवतापात निम्म्याच्या आसपास बाया जातात. ही गेली.

दोन दिवसांनंतर

आरोग्य पथकाने तिच्या वस्तीवरच्या प्रत्येकाचं रक्त तपासलं, ताप न विचारता. दुसऱ्या महिन्यातली एक मुलगी पॉझिटिव्ह निघाली, तक्रार काहीच नव्हती. पहिल्या तिमाहीतही आर्टेमेथर-लुमेफॅन्ट्रिन द्यावं, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये केली आहे. पण पथकाच्या हातातल्या धोरणानुसार तिला क्विनिन सुरू झालं, रोज तीन वेळा, ७ दिवस. क्विनिनने साखर उतरते, म्हणून प्रत्येक गोळीआधी ती जेवली का, हे आशाताई स्वतः पाहणार आहे.