हट्टा : सातबारा आणि मोफत ऑनलाइन माहिती

हट्टा हे हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यातील गाव. जिल्हा परभणीतून १ मे १९९९ रोजी वेगळा झाला. गावाची माहिती इंटरनेटवर शोधताना पहिली अडचण नावाचीच. रोमन लिपीत नाव टाकले की दुबईचे डोंगरी हत्ता, दमोह जिल्ह्यातले हटा, बालाघाटकडचे हट्टा अशी मंडळी पुढे येतात. तालुकाही कुठे वसमत, कुठे बसमत, कुठे वसमतनगर. म्हणून गावाबरोबर जिल्ह्याचे नाव टाकणे बरे.

गावकऱ्याला सर्वांत जास्त लागणारा कागद म्हणजे सातबारा : गाव नमुना सात (जमिनीचे अधिकार) आणि गाव नमुना बारा (पिकांची नोंद) यांचा एकत्रित उतारा. राज्य शासनाच्या महाभूलेख या संकेतस्थळावर तो फुकट पाहता येतो. विभाग छत्रपती संभाजीनगर, मग जिल्हा, तालुका, गाव अशा पायऱ्या उतरायच्या. पुढे गट क्रमांक किंवा खातेदाराचे नाव, मोबाइल क्रमांक आणि शेवटी कॅप्चातली वेडीवाकडी अक्षरे. गट क्रमांक पाठ नसला तरी आडनावावरून शोधता येते. मात्र एकाच आडनावाची यादी लांबलचक निघाली की पुन्हा घरातल्या जुन्या उताऱ्याकडेच धाव घ्यावी लागते. खातेदाराची सगळी जमीन एकत्र हवी असेल तर आठ-अ पाहावा.

या फुकट प्रतीला शासकीय वा कायदेशीर कामात किंमत नाही. ती फक्त माहितीपुरती. बँकेला किंवा कचेरीला द्यायची ती डिजिटल स्वाक्षरीची प्रत वेगळ्या पानावरून, पंधरा रुपये भरून मिळते. ‘ऑनलाइन सगळे फुकट’ हा समज इथे अर्धाच खरा ठरतो. जो उतारा घरबसल्या फुकट दिसतो, त्याच्याच छापील कागदासाठी अनेक जण नेट सेंटरवर पैसे मोजतात. अर्थात प्रिंटर आणि भरवशाची रेंज ज्याच्या घरी नाही, त्याने दुसरे काय करावे?

जमिनीची खरेदी किंवा वारसा यांनंतर फेरफार होतो. त्याची नोटीस शासनाच्या ‘आपली चावडी’ या पानावर विनाशुल्क दिसते. पूर्वी ही नोटीस चावडीच्या फलकावर लागे. वाचणारे मोजकेच, पण बातमी गावभर पसरे. सातबाऱ्यावरची पिकाची नोंद शेतकरी स्वतः ई-पीक पाहणीच्या ॲपवर करतो. ही पद्धत १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली. पिकाचा फोटो शेतातच उभे राहून काढायचा, कारण फोटोबरोबर जागेचे अक्षांश-रेखांशही जातात. पूर्वी हे काम ज्याचे होते त्या तलाठ्याचे पदनाम २०२४ मध्ये ग्राम महसूल अधिकारी झाले; बोलण्यात मात्र तो तलाठीच.

जमिनीच्या नोंदींची खरी साइट ओळखायची खूण म्हणजे पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ असणे. शोधाच्या निकालात वर येणारी पाने कधीकधी खाजगी जाहिरातदारांची असतात. नाव तेच, रंग तोच, आणि उतारा दाखवण्याआधी भलतीच माहिती विचारतात. ओटीपी असल्या पानांवर टाकू नये.

जमिनीच्या नोंदींप्रमाणे बाजारभावही ऑनलाइन पाहता येतो. वसमत परिसर हळदीचा. राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर बाजार समितीनिहाय आवक आणि क्विंटलचा किमान, कमाल, सर्वसाधारण भाव फुकट मिळतो. तरी माल गाडीत भरण्याआधी शेतकरी अडत्याला फोन लावतोच. पडद्यावरचा भाव बहुधा कालचा असतो.