पैनगंगेच्या दोन कांठांवरील जकात

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोंकास, उमरखेडजवळ, ढाणकी हें बाजाराचें गांव आहे. तेथून थोडक्या कोसांवर पैनगंगा वाहते. आज नदीपलीकडे नांदेड जिल्हा लागतो. परंतु १९४८ पर्यंत पलीकडचा कांठ म्हणजे ‘मोगलाई’, अर्थात् निजामाचें हैदराबाद संस्थान. अलीकडे कलदार रुपया, पलीकडे हाली. टपाल निराळें, तिकिटें निराळीं. दोन्ही कांठांवर भाषा मात्र एकच, आणि सोयरिकी नदी ओलांडून सर्रास होत.

या सीमेंत एक चमत्कारिक गोष्ट होती. फौजेच्या खर्चाची बाकी थकली म्हणून १८५३ च्या तहानें निजामानें वऱ्हाड कंपनीच्या ताब्यांत दिलें. १९०२ सालीं लॉर्ड कर्झननें तें सालीना २५ लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्यानें घेतलें. तथापि कायद्यानें मालकी निजामाचीच राहिली व १९३६ च्या करारांत ती पुन्हां मान्य झाली. म्हणजे ढाणकीच्या बाजारांतून हदगांवकडे निघालेली गाडी कागदोपत्रीं निजामाच्या एका मुलखांतून त्याच्याच दुसऱ्या मुलखांत जात असे. तरी करोडगिरीच्या नाक्यावर तिचीं पोतीं मोजलीं जात! ही जकात १८०२ च्या व्यापारी तहानें शेकडा ५ वर बांधलेली होती. संस्थानास समुद्रकिनारा नव्हता. आंत येणारें मीठ व कापड, बाहेर जाणारा कापूस व गळिताचीं धान्यें, हीं सर्व याच नाक्यांवरून जात, आणि दरबारच्या तिजोरींत हुकमी भर घालीत. सीमा हें आपलें बळ आहे, असा समज त्यामुळेंच मुरला असावा.

इंग्रज गेले तेव्हां या समजाची परीक्षा झाली. सुमारे १ कोटी ६० लाख वस्तीच्या हैदराबादनें स्वतंत्र राहण्याचा हट्ट धरला. २९ नोव्हेंबर १९४७ रोजीं भारताशीं एका वर्षाचा ‘जैसे थे’ करार झाला. आणि त्याची शाई वाळते न वाळते तोंच दरबारनें दोन वटहुकूम काढले. एकानें मौल्यवान् धातु भारतांत नेण्यास बंदी केली. दुसऱ्यानें भारतीय चलन संस्थानांत अग्राह्य ठरविलें. शिवाय पाकिस्तानास २० कोटी रुपयांचे भारतीय कर्जरोखे उसने दिले गेले. दिल्लीनें हा सरळ करारभंग मानला. ज्या कांठावरचा गुजरी-बाजारच दोन नाण्यांवर चालत होता, तेथें या वटहुकुमाचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागला नसेल.

पुढें राजकारण बाजारावर स्वार झालें. कासीम रझवीच्या रझाकारांच्या जुलमानें पलीकडचीं कुटुंबें वऱ्हाडांत येऊं लागलीं. स्टेट काँग्रेसनें सीमेवर शिबिरें उभारलीं, त्यांतील एक उमरखेड येथें होतें. इकडून संस्थानांत जाणारा माल अडूं लागला. भारत सरकारनें नाकेबंदी पुकारल्याचें मान्य केलें नाहीं. परंतु पेट्रोल, मीठ, औषधें, पाणी शुद्ध करण्याचें क्लोरीनही मिळत नाहीं, अशी हैदराबादची तक्रार होती. जून १९४८ मध्यें वाटाघाटी फिसकटल्या व ओढ आणखी वाढली.

येथें एक गोष्ट स्पष्ट म्हटली पाहिजे. दरबारचा अपराध मोठा होता. पण मिठाची टंचाई दरबाराला झोंबत नाहीं, ती झोंपडीला झोंबते. ज्यांच्यासाठीं माल अडविला, त्यांचीं शस्त्रें तर सिडने कॉटन नांवाचा वैमानिक कराचीहून विमानांनीं आणून उतरवीतच होता. रझाकाराच्या हातीं बंदूक येत होती, आणि त्याच्याच जाचाखालीं असलेल्या शेतकऱ्याचें मीठ मात्र नाक्यावर थांबत होतें. उलट, ज्या राज्याच्या चहूंबाजूंस दुसऱ्याचा मुलूख आहे, त्यानें त्याच शेजाऱ्याच्या नाण्यावर बहिष्कार घालावा, हा हिशेब तर साध्या दुकानदारासही चुकीचा दिसला असता.

ऑगस्टमध्यें निजामानें संयुक्त राष्ट्रांकडे दाद मागितली. १३ सप्टेंबर १९४८ रोजीं भारतीय सैन्य संस्थानांत शिरलें व १७ तारखेस शरणागति झाली. हाली रुपया त्यानंतरही कांहीं वर्षें चालला, आणि कलदाराशीं त्याचा वटाव करणाऱ्यांचा धंदाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं वऱ्हाड व मराठवाडा एकाच मुंबई राज्यांत आले. तोंवर आदिलाबादेंत असलेला किनवट तालुका नांदेडास जोडला गेला, आणि पैनगंगा दोन जिल्ह्यांमधील नदी झाली.